हरळीचे बारा महिने

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरला मी कायम काठावर पास. त्यामुळे संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा "इंग्लिश सेक्शनला देते" म्हणून पळ काढायचा विचार होता. पण ज्या काकांकडून मी हे सगळं शिकले त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि छापलेला अंक नेऊन द्यायचा शब्द मी त्यांना दिला आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

गोष्ट सुरू होते गेल्या एप्रिलमध्ये, बादल्यांच्या रांगेत. उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलला पाणी सकाळी दीड तास येतं, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच आठवड्यात बसमधून जाताना शहराबाहेरचा एक गोल्फ कोर्स दिसला. सगळीकडे हिरवंगार, आणि स्प्रिंकलर आपले मजेत फिरतायत! आम्ही इथे अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतोय आणि तिकडे गवताला शॉवर? माझं डोकं फिरलं. एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टला विषय मिळाला. ठरवलं, तिथलं पाणी मोजायचं आणि एक सणसणीत रिपोर्ट लिहायचा.

सरांचं पत्र घेऊन मी त्या कोर्सवर मे, जुलै आणि डिसेंबर अशी तीन वेळा गेले. रिपोर्ट झाला, मार्कही बरे पडले. पण तो सणसणीत काही झाला नाही. का, ते सांगते.

ही तर आपली हरळी!

पहिल्या दिवशी तिथल्या मुकादम काकांना मी मोठ्या ऐटीत विचारलं, "काका, हे बर्म्युडा ग्रास कुठून मागवलं?" ते हसले. वाकून एक काडी उपटली आणि हातावर ठेवली. "पोरी, ही हरळी. गणपतीला वाहत्यात ती दूर्वा. आमच्या रानात हिच्यापायी माणसं रडत्यात, अन् हितं हिला जगवायचा पगार मिळतो."

खरंच आहे ते. बर्म्युडा ग्रास म्हणजे शास्त्रीय नावाने सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली हरळी ऊर्फ दूर्वा. गोल्फसाठी तिचे खास संकर तयार केले आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी साध्या हरळीचा तिच्या एका आफ्रिकन बहिणीशी संकर केला. १९६५ साली आलेली 'टिफड्वार्फ' ही बुटकी जात त्यातलीच. या संकरित जातींना बी धरत नाही. त्यामुळे कांड्या लावूनच लागण करावी लागते, अगदी उसासारखी.

ऊस उगाच आठवला नाही. ऊस, ज्वारी, मका आणि हरळी ही सगळी 'सी-फोर' पद्धतीने अन्न तयार करणारी मंडळी. यांना कडक ऊन मानवतं. साधारण २७ ते ३५ अंश तापमानात हरळी सर्वात जोमाने वाढते. जमीन १०-१२ अंशांच्या खाली गेली की ती झोपते आणि पिवळी पडते. सावली मात्र तिला अजिबात सहन होत नाही. हे तीन मुद्दे लक्षात ठेवा, बाकी सगळं वेळापत्रक त्यातूनच निघतं.

जमिनीच्या पोटात

गोल्फ कोर्सवर सगळं गवत सारखं नसतं. ज्या छोट्या भागात भोक आणि झेंडा असतो तो ग्रीन. तिथे गवताची उंची फक्त ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल साधारण तेवढी जाडी. मधला लांब पट्टा म्हणजे फेअरवे, तिथे १० ते १५ मिलिमीटर. बाजूला वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ.

आम्हा सिव्हिलवाल्यांना सगळ्यात भारी वाटेल ते ग्रीनचं पोट. अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९६० मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन काढलं. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर ठराविक जाडीची वाळू. माती जवळजवळ नाहीच. मला वाटलं, वाळू आणि खाली खडी म्हटल्यावर पाणी सरळ निघून जात असेल. पण गंमत अशी की ते जात नाही. वाळूच्या बारीक छिद्रांमधलं पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलेलं असतं. खडीची छिद्रं मोठी, त्यांची ओढ कमी. त्यामुळे वाळूचा खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही, वर टांगून राहतं. मुळांना तोच साठा मिळतो. पण जोराचा पाऊस आला, वरून दाब वाढला, की जास्तीचं पाणी झटकन खाली निघून जातं. उन्हाळ्यात टाकी आणि पावसाळ्यात गटार, एकाच थरातून! सॉइल मेकॅनिक्सच्या वर्गात कॅपिलॅरिटी शिकताना मी मागच्या बाकावर काय करत होते, ते इथे लिहीत नाही.

फेअरवेच्या नशिबात मात्र ही चैन नाही. तिथे आपली नेहमीची काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल.

उन्हाळा : भूक मोठी, हात आखडता

मे महिना हा हरळीचा हक्काचा काळ. ऊन भरपूर, वाढ जोरात. ग्रीन रोज पहाटे कापावं लागतं. नियम असा, की एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. साडेतीन मिलिमीटर उंची ठेवायची तर गवत सव्वापाचच्या वर जायच्या आत मशीन फिरलं पाहिजे. म्हणून रोज. मशीनसुद्धा आपल्या लॉनवर पंख्यासारखं फिरतं तसलं नाही. गोल रुळावर पाती असतात आणि ती खालच्या स्थिर पात्याला घासून कात्रीसारखं कापतात. १८३० मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी कापडगिरणीतल्या मशीनवरून ही कल्पना उचलली होती.

मोठी दुरुस्तीसुद्धा ऐन वाढीच्या दिवसांतच करतात. सतत पायांखाली येऊन वाळू दबते, कापलेल्या-वाळलेल्या काड्यांचा गादीसारखा थर साचतो, मुळांना हवा मिळेनाशी होते. मग पोकळ नळ्यांच्या मशीनने भोकं पाडतात. १२ मिलिमीटर व्यासाची, दर ५ सेंटिमीटरवर एक. मी हिशेब केला. एका चौरस मीटरला ४०० भोकं, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला दोन लाख! आणि एवढं करून पृष्ठभागाचा जेमतेम साडेचार टक्के भाग बाहेर निघतो. भोकांत कोरडी वाळू झाडूने भरतात. पुढचे दोन-तीन आठवडे ग्रीन देवीचे व्रण असल्यासारखं दिसतं आणि मेंबर लोक कुरकुर करतात. हेच काम थंडीत केलं तर व्रण महिनोन् महिने भरणार नाहीत. वाळू पसरायची ही युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची देखभाल करणारे ओल्ड टॉम मॉरिस १८६०च्या दशकात ती वापरत होते. त्या मैदानावरचा जुना कोर्स आजही रविवारी खेळासाठी बंद असतो. गवताला सुट्टी!

आता पाणी. मी ज्यासाठी गेले होते ते.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात गवत आणि जमीन मिळून दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडतं असं ढोबळ धरलं आणि २५ हेक्टर गवत हिरवंगार ठेवायचं म्हटलं, तर रोज १५ लाख लिटर लागतील. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे हे ११ हजार माणसांचं पाणी झालं! आकडा लिहिताना माझा हात थरथरत होता. रागाने, आणि जरा आनंदानेही. रिपोर्टचं हेडिंग मिळालं होतं ना.

तो कागद मी काकांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे परत दिला आणि म्हणाले, "चल, चालू या." रफमध्ये नेलं. तिथलं गवत पार वाळून तपकिरी झालं होतं. बसमधून मला फक्त रस्त्याकडचा हिरवा भाग दिसला होता. फेअरवेसुद्धा मधला पट्टा सोडला तर फिके. "ह्ये मेलेलं न्हाई," त्यांनी खुरप्याने एक ढेकूळ उचकटलं. आत पांढऱ्या, रसरशीत कांड्या. "झोपलंय. पयला पाऊस पडू दे, आठ दिसांत उठंल." हरळी पाणी तुटलं की वरची पानं सोडून देते आणि जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून बसते. शेतकरी जिला शिव्या घालतो तो हाच गुण.

पूर्ण पाणी मिळतं ते फक्त ग्रीनला आणि पहिला फटका मारतात त्या टी नावाच्या चौथऱ्यांना. तेही सूर्य उगवायच्या आत. रोज थोडं थोडं शिंपडत नाहीत. देतात ते खोलवर जाईल असं आणि मग मधले दिवस वाट बघतात, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात. वाट कधीपर्यंत बघायची? त्याला काकांकडे मीटर नाही. ते गवतावरून चालतात आणि मागे वळून बघतात. पावलाचा ठसा लगेच उठला तर ठीक. ठसा तसाच राहिला आणि गवतावर निळसर छटा आली, तर पाण्याची वेळ झाली.

अठरा ग्रीनचं क्षेत्रफळ मिळून साधारण ९ हजार चौरस मीटर. सहा मिलिमीटरने गुणा, दिवसाची गरज ५४ हजार लिटर. आता आपल्या हॉस्टेलच्या ४०० मुली गुणिले १३५ करून बघा. बरोबर ५४ हजार. मी तीनदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. अकरा हजार माणसं हा आकडा खोटा ठरला म्हणून सुटले असं वाटलं होतं, पण हा दुसरा आकडा जास्त जवळ येऊन बसला.

त्या कोर्सवर यातलं बरंच पाणी सांडपाणी शुद्ध करून आलेलं असतं आणि काही पावसाळ्यात भरून ठेवलेल्या तळ्यातलं. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, गवताला तेवढंच खत. क्षारही असतात, पण हरळी ते बऱ्यापैकी सोसते. फक्त अधूनमधून भरपूर पाणी देऊन साचलेले क्षार खाली धुवावे लागतात, आणि ते काम पाऊस फुकटात करतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. वाद मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा होता. गवताला पाणी द्यावं की नाही यापेक्षा कुठलं पाणी, कुठल्या भागाला आणि कोणाच्या आधी, हे तीन प्रश्न मला जास्त खरे वाटतात.

पावसाळा : माझा पराक्रम

आता कबुलीजबाब. मेमध्ये एवढं ज्ञान मिळवून मी हॉस्टेलवर परतले ती अर्धी एक्सपर्ट होऊनच. आपल्या मेसच्या दारासमोरचा हिरवळीचा तुकडा तुम्हाला माहीतच आहे. जून संपता संपता तो फिकट दिसत होता. नायट्रोजन कमी, मी निदान केलं. दुकानातून पाच किलो युरिया आणला आणि एका सकाळी दव असतानाच साठेक चौरस मीटरवर उधळून दिला. पाऊस येईलच, तो विरघळवेल असा माझा हिशेब होता.

पाऊस आला नाही. चार दिवस लख्ख ऊन. तिसऱ्या दिवशी तुकडा करपून गेला.

कारण अकरावीत शिकलेलं ऑस्मॉसिस. ओल्या पात्याला युरियाचे दाणे चिकटले, बाहेर तीव्र द्रावण झालं आणि त्याने पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतलं. आणि डोस? हरळीला एका वेळी चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम नायट्रोजन पुरतो. युरियात तो ४६ टक्के, म्हणजे युरिया ११ ग्रॅम. मी टाकला होता ८३ ग्रॅम. साडेसात पट!

खरी लाज पुढे आहे. बोलणी बसली ती आपल्या माळीमामांना. रेक्टर मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काय फवारलंत?" मामा म्हणाले, "काही नाही, मॅडम." त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते आणि गप्प बसले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या रात्री जेवण जाईना, तेव्हा मॅडमच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. मग मामांकडे गेले. ते एवढंच म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस तर त्याच दिवशी पाणी सोडून धुऊन टाकलं असतं. आता पाच आठवडे लागतील." पाच आठवडेच लागले. कांड्या जिवंत होत्या.

जुलैमध्ये काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला काहीच न बोलता दिवसभर पावसाळ्याचं काम दाखवलं. पावसाळ्यात सगळं हिरवं दिसतं म्हणून आपल्याला वाटतं, माळ्याला आराम. उलट आहे. आभाळ भरलेलं म्हणजे ऊन नाही, ऊन नाही म्हणजे अन्न कमी. म्हणून गवताची उंची वाढवतात, साडेतीनची पाच मिलिमीटर करतात, पात्याला ऊन गोळा करायला जागा मिळावी म्हणून. खत अगदी थोडं. जास्त नायट्रोजनने पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. पिथियम नावाची बुरशी दमट, उबदार हवेत एका रात्रीत पसरते. सकाळी दवात कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा कापूस दिसतो. ती वाहत्या पाण्याबरोबर आणि मशीनच्या चाकांबरोबर पुढे जाते, म्हणून आजारी ग्रीन सगळ्यात शेवटी कापायचं.

मावश्या ओळीने बसून लव्हाळा काढत होत्या. लव्हाळा नुसता वरून तोडला तर गाठीतून पुन्हा फुटतो, गाठीसकट काढावा लागतो. आणि फेअरवेवर गाड्या बंद. ओल्या काळ्या मातीवरून वजन गेलं की कणांमधली हवेची जागा दबून जाते आणि ती सुकल्यावर विटेसारखी होते. "पावसात गवताला आपली गरज न्हाई," काका म्हणाले. "आपले पाय लांब ठेवायचे, बस."

हिवाळा : खेळणारे जागे, गवत पेंगतंय

डिसेंबरात गेले तेव्हा कोर्स गजबजलेला होता. आपल्याकडे गोल्फचा सीझन थंडीचा, कारण माणसांना हवा छान वाटते. पण हरळी नेमकी तेव्हाच सुस्तावते. म्हणजे झीज सर्वात जास्त आणि भरून यायची ताकद सर्वात कमी. पुण्यात दुपारी तीसच्या आसपास तापमान चढतं म्हणून ती पूर्ण झोपत नाही, नुसती पेंगते. दिल्लीत ती पेंढ्याच्या रंगाची होते. गुलमर्गचा कोर्स तर बर्फाखालीच जातो. टीव्हीवर एप्रिलमध्ये ऑगस्टाचे फेअरवे हिरवेगार दिसतात ते हरळीमुळे नाही. झोपलेल्या हरळीवर तिथे थंडीतलं रायग्रास पेरलेलं असतं.

यावर उपाय साधे आहेत. भोकाची जागा रोज बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणी पाय पडत नाहीत. भोक १०८ मिलिमीटरचं. कापलेला गवताचा दंडगोल कालच्या भोकात बसवला की खूणही राहत नाही. पाणी कमी, कापणी कमी. थंडीच्या आधी पोटॅशचा डोस. आणि पहाटे एक माणूस लांब लवचिक काठी घेऊन ग्रीनवर आडवी फिरवत जातो, दव झाडायला. पातं जितका वेळ ओलं, तितका बुरशीला वेळ. हे काम बघायला मी साडेसहाला थंडीत कुडकुडत उभी होते. काठी फिरली की मागे गडद हिरवा पट्टा उमटत जायचा. संपूर्ण कोर्सवर मला सर्वात आवडलेली गोष्ट तीच.

शेवटी

माझ्या रिपोर्टचं पहिलं हेडिंग होतं 'पाण्याची उधळपट्टी'. शेवटी छापलं ते 'ऋतूनुसार पाण्याचं नियोजन', म्हणजे नेहमीसारखं कंटाळवाणं. पण ते खरं आहे. तरी ५४ हजार हा आकडा मी पुसलेला नाही. शुद्ध केलेलं सांडपाणी असलं तर माझी तक्रार नाही. पिण्याचं पाणी असेल, आणि समोरच्या वस्तीत हंड्यांची रांग असेल, तर ग्रीनसुद्धा पिवळं पडू द्यावं असं मला आजही वाटतं. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पिवळं पडू दे की. हरळी माघारी येती. तान्हेलं माणूस थांबत न्हाई."

आता आपल्यापुरतं. पुढच्या मे महिन्यात मेससमोरची हिरवळ तपकिरी झाली तर माळीमामांच्या नावाने तक्रार करू नका, ती झोपली आहे. जुलैत लायब्ररीकडे जाताना कोपऱ्यातून तिरकं जाणं बंद करा. ती पायवाट दुसरं कुणी नाही, आपणच पाडली आहे. आणि काही टाकावंसं वाटलंच तर आधी मामांना विचारा.

साडेतीन किलो... नाही, आता अजिबात काही उरलेलं नाही. उरलाच असता तर तो युरिया मी मामांनाच दिला असता.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी